पहिली पट्टी नॉर्मल होती, मग अटॅक आला कुठून?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही घाटंजी तालुक्यातले, घरी शेती आहे. मागच्या महिन्यात माझे मामाजी (सासरे, वय ६३) हरभऱ्याला ओलीत करून संध्याकाळी साडेसातला घरी आले ते छाती धरूनच. ‘गॅस भरला असन,’ म्हणाले. मग दरदरून घाम आला, एक उलटी झाली. तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आठ वाजून दहा मिनिटांनी पट्टी (ईसीजी) काढली, नॉर्मल आहे म्हणाले, गॅसचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. रात्री जरा बरं वाटलं. तीनला परत दुखायला लागलं. पहाटे यवतमाळला पोचलो तर तिथल्या पट्टीत मोठा अटॅक निघाला. गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं, नंतर नागपूरला स्टेंट टाकला. आता घरी आहेत, जेवतात, फिरतात. पण माझे मिस्टर तालुक्याच्या डॉक्टरशी भांडायला निघाले आहेत. दोन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवते. मशीन चुकलं की डॉक्टर? दुसरं म्हणजे मिस्टरांची (वय ४१, तंबाखूचा खर्रा खातात) गावच्या शिबिरात पट्टी काढली, तिच्यावर ‘जुना अटॅक असू शकतो’ अशा अर्थाचं इंग्रजीत छापून आलं. तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. आणि गावातली पोरं वर्गणी करून ईसीजी मशीन घ्यायचं म्हणतात. घ्यावं का?
– एक सून, जि. यवतमाळ

उत्तर:

ताई, मामाजी जेवतात-फिरतात हे वाचून बरं वाटलं. मिस्टरांना म्हणावं, भांडायला जायच्या आधी एवढं वाचून जा.

मशीन चुकलेलं नाही. आठ वाजून दहा मिनिटांची पट्टी खरोखरच जवळजवळ नॉर्मल आहे. आणि त्याच वेळी मामाजींना अटॅक सुरू झालेला होता, असं मला वाटतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. आपल्याकडे हेच कुणाला पटत नाही. ‘पट्टी नॉर्मल’ हे शब्द ऐकले की अख्खं घर सुटकेचा श्वास टाकतं, पेशंटला गाडीत बसवतं आणि गावाकडे निघतं.

ईसीजीत रक्तवाहिनी दिसत नाही, ब्लॉकेजही दिसत नाही. त्यात उमटते ती फक्त हृदयाची वीज. प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या स्नायूतून विजेची एक लहर जाते, मिलिव्होल्टमध्ये मोजावी लागते इतकी बारीक. हातापायांना चार आणि छातीवर सहा अशा दहा ठिकाणी वायरी लावून मशीन ती लहर बारा बाजूंनी टिपतं; यातल्या एकेका बाजूला लीड म्हणतात. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक मिलिमीटरचा बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा. नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे यंत्र उभं केलं, तेव्हा पेशंटला मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हातपाय बुडवून बसावं लागे. त्या कामाला १९२४ साली नोबेल मिळालं. लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्यांनीच दिलेली, आणि अटॅकचा संशय असला की आम्हा डॉक्टरांचे डोळे आधी जातात ते एस आणि टी यांच्या मधल्या तुकड्यावर.

गाठ बसून रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली की तिच्यावर जगणारा स्नायू तडफडायला लागतो, आणि त्या भागाकडे तोंड असलेल्या लीडमध्ये हा एसटीचा तुकडा वर उचलला जातो. शेजारच्या दोन लीडमध्ये एक-एक मिलिमीटर उचलला तरी पुरे. छातीवरच्या व्ही-२ आणि व्ही-३ मध्ये मात्र थोडा जास्त लागतो, चाळिशीपुढच्या पुरुषात दोन मिलिमीटर, बायकांत दीड. एवढं दिसलं आणि लक्षणं जुळली की रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं, लगेच उपचार सुरू करायचे असतात.

घोळ होतो तो पुढे. गाठ काही बूच लावल्यासारखी एका क्षणात घट्ट बसतेच असं नाही. ती अर्धवट बसते, सुटते, तासा-दोन तासांनी परत बसते. सुटलेली असताना पट्टी काढली तर ती साफ येऊ शकते. काही अटॅकमध्ये वाहिनी पूर्ण बंद होतच नाही, तिथे एसटी वर उचलला जात नाही, उलट खाली दबतो किंवा टी उलटा होतो, किंवा काहीच दिसत नाही. हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक तर नेहमीच्या बारा लीडमधून निसटू शकतो, त्यासाठी पाठीवर वायरी लावून पाहावं लागतं. तुम्ही कपाशीवाले, तुम्हाला गुलाबी बोंडअळी सांगायला नको. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत सरकी खाल्लेली. नॉर्मल पट्टीवर भरवसा ठेवायचा तो तेवढाच.

आता तुमचे फोटो. फोटोवरून मी एरवी मत देत नाही, पण इथे उपचार होऊन गेले आहेत म्हणून सांगतो. पहाटे पाचच्या पट्टीत लीड दोन, तीन आणि एव्हीएफ या हृदयाच्या खालच्या बाजूने बघणाऱ्या तिघांत एसटी तीन-तीन चौकोन उचललेला आहे, तीन नंबरमध्ये दोन नंबरपेक्षा जास्त. समोरच्या बाजूला, एव्हीएल नावाच्या लीडमध्ये, तो तेवढाच खाली गेला आहे. हा हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक, बहुधा उजव्या रक्तवाहिनीतला. नागपूरच्या डिस्चार्ज कार्डवर स्टेंटच्या पुढे ‘आरसीए’ (म्हणजे हीच उजवी रक्तवाहिनी) अशी अक्षरं असतील, बघा. आता रात्री आठची पट्टी घ्या. दोन, तीन, एव्हीएफ सपाट, काही तक्रार नाही. फक्त एव्हीएलमधली टीची लाट जराशी उलटी आहे. खालच्या भिंतीचा अटॅक यायच्या आधी कधीकधी एवढीच खूण दिसते. पण अगदी धडधाकट माणसाच्या पट्टीतही ती दिसते. मला पहाटेची पट्टी शेजारी ठेवल्यावर दिसली. नुसत्या तेवढ्यावर मी त्या डॉक्टरांना फाशी देणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ६३ वर्षांचा माणूस, छातीत दुखतंय, घाम, उलटी. अशा माणसाला एका पट्टीवर घरी सोडणं मला मान्य नाही. पहिली पट्टी पेशंट आल्यापासून दहा मिनिटांत काढायची, ती त्यांनी काढली, उत्तम केलं. पण ती साफ आली आणि दुखणं चालू असेल तर पेशंटला तिथेच झोपवून ठेवायचं आणि पंधरा ते तीस मिनिटांनी दुसरी काढायची, मग तिसरी. सोबत ट्रोपोनिनची रक्ततपासणी, तीही एकदाच नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ट्रोपोनिन रक्तात दिसायला साधारण तीन ते सहा तास लागतात. साडेसातला दुखायला लागलेल्या माणसाचं आठला ट्रोपोनिन केलं असतं तरी ते निगेटिव्ह येण्याचीच शक्यता जास्त. सोय नसेल तर सोय असलेल्या ठिकाणी पाठवायचं.

हे लिहिणं सोपं आहे. रात्री आठला तालुक्याच्या दवाखान्यात एकटा डॉक्टर, बाहेर बाकावर तापाचे पंधरा पेशंट, आणि आतून नातेवाईकच म्हणतात, ‘नॉर्मल हाय ना साहेब, मग निघतो आम्ही, जनावरं बांधाची हायत.’ तुमच्याकडून कुणी असं म्हटलं का, ते पत्रात नाही. मला शंका आहे. भांडायला जाण्यापेक्षा मिस्टरांनी दोन्ही पट्ट्या घेऊन त्या डॉक्टरांकडे जावं आणि टेबलावर शेजारी-शेजारी ठेवाव्यात. चांगला डॉक्टर असेल तर पुढच्या पेशंटला थांबवून घेईल.

आणि पुढच्या वेळी, कुणाच्याही बाबतीत, तुम्ही स्वतः एक वाक्य बोलायचं: ‘साहेब, दुखणं थांबलं नाही, अर्ध्या तासानं परत एकदा काढता का?’ कुठलाही डॉक्टर याला नाही म्हणणार नाही. शंभर-दोनशे रुपये गेले तर जाऊ द्या.

गॅसबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या भागात माणसं गॅसच्या नावाखाली दगावतात. हृदयाची खालची भिंत श्वासपटलावर टेकलेली असते, खाली लगेच जठर. त्या भिंतीचा अटॅक आला की मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात दडपण, ढेकर, असं सगळं पोटाचंच नाटक सुरू होतं. मग ओवा, सोडा, ईनो, लिंबूपाणी. त्यात ढेकर येऊन जरा मोकळं वाटलं की निदान पक्कं झालं असं सगळे धरून चालतात. ॲसिडिटीच्या औषधाने बरं वाटलं म्हणजे हृदयाचं दुखणं नव्हतं, हे खरं नाही. मामाजींनाही इंजेक्शननंतर बरं वाटलंच होतं. चाळिशीपुढचा माणूस, दुखणं बेंबीच्या वर ते जबड्याच्या खाली कुठेही, सोबत घाम किंवा दम किंवा डाव्या-उजव्या कुठल्याही हातात कळ, आणि वीस मिनिटांत थांबत नाही: याला आधी हृदय समजायचं, पट्ट्या काढून झाल्या की मग गॅस म्हणायचं. मधुमेह असलेल्यांना तर छातीत दुखतच नाही कधीकधी. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं. बायकांचंही तसंच. तुमच्या सासूबाईंना शुगर असेल तर त्यांचं ‘मले काही नाही झालं, थकली फक्त’ हे वाक्य सहज सोडून देऊ नका.

बायकांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट, जी पुरुष डॉक्टर सहसा लिहीत नाहीत. संकोचाने बाई ब्लाऊज काढत नाही, वायरी लावणारा मुलगाही अवघडतो, आणि छातीच्या वायरी जिथे जागा मिळेल तिथे चिकटवल्या जातात. बोटभर वर-खाली झालं तरी पट्टी बदलते. सिस्टरला बोलवा म्हणावं, पडदा लावा म्हणावं, पण वायरी जागेवरच लागल्या पाहिजेत.

आता गाडी कुठे वळवायची ते. आपल्याकडे पद्धत अशी की अटॅकचा संशय आला की सरळ नागपूर. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, घाटंजीहून यवतमाळ त्याआधीचं वेगळं. गाठ बसल्यावर स्नायू मरायला लागतो तो गाडी नागपूरला पोचायची वाट बघत नाही. नियम असा आहे: पट्टीवर एसटी उचललेला दिसल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी (बंद वाहिनी फुग्याने उघडून स्टेंट टाकणं) होणार असेल तर सरळ तिकडे. होणार नसेल, आणि आपल्या गावांतून ती बहुतेक वेळा होत नाही, तर जिथे पट्टी काढली तिथेच किंवा सर्वांत जवळ गाठ विरघळवणारं इंजेक्शन घ्यायचं आणि मग पुढे निघायचं. म्हणून पहिला थांबा ईसीजी आणि हे इंजेक्शन दोन्ही असलेल्या जवळच्या ठिकाणी, मग ते ग्रामीण रुग्णालय असो की उपजिल्हा रुग्णालय. दुखणं सुरू झाल्यापासून १२ तासांपर्यंत हे इंजेक्शन देतात, पण पहिल्या दोन-तीन तासांत दिलं तर जे वाचतं ते नंतर वाचत नाही. मामाजींना ते नऊ-दहा तासांनी मिळालं. तरी मिळालं.

या इंजेक्शनांतली दोन नेहमीची. टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे एकदाच शिरेतून देतात. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट, सलाईनमधून अर्ध्या ते एक तासात. मामाजींना कुठलं दिलं ते कार्डवर बघून ठेवा. स्ट्रेप्टोकायनेज असेल तर ते पुन्हा कधी द्यायचं नसतं, शरीर त्याच्याविरुद्ध तयार झालेलं असतं. दुसऱ्या वेळी आणीबाणीत डॉक्टर हेच विचारतील. त्याआधी कधी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, नुकतंच ऑपरेशन झालं का, हेही विचारतील, खरं सांगायचं. इंजेक्शननंतर तास-दीड तासाने परत पट्टी काढतात. वर उचललेला एसटी निम्म्याने तरी खाली आला पाहिजे. नाही आला तर अँजिओग्राफीला (रक्तवाहिन्यांतले अडथळे बघायच्या तपासणीला) ताबडतोब हलवायचं. आला तरी पुढच्या २४ तासांत करून घ्यायची.

निघताना करायचं ते थोडकं. पेशंटला चालवायचं नाही, जिना चढवायचा नाही, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यायचं नाही. १०८ ला फोन करा; महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. किती वेळ लागेल ते विचारा. फारच वेळ सांगितला तर गावातली चारचाकी काढा. साधी ॲस्पिरीन, ३०० ते ३२५ मिलिग्रॅम, चावून खायला द्यायची, ॲलर्जी किंवा पोटातल्या अल्सरचा रक्तस्राव नसेल तर. तोंड वाकडं झालं असेल, हातपाय लुळा पडला असेल तर मात्र ती देऊ नका. शिधापत्रिका आणि आधार त्याच पिशवीत टाका, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते.

जिभेखाली ठेवायची, रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेटची गोळी सगळ्या घरांत सापडते आणि सगळे ती शेजाऱ्यालाही देतात. मामाजींसारख्या खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये कधी हृदयाचा उजवा कप्पाही सापडतो, आणि तेव्हा या गोळीने बीपी धाडकन पडतं. तो सापडला की नाही हे छातीच्या उजव्या बाजूला एक वायर लावून काढलेल्या पट्टीवरून कळतं, तेही काढून घ्यायला सांगता येतं. डॉक्टरने त्या माणसासाठी लिहून दिलेली नसेल तर ती गोळी डब्यातच राहू द्या.

मिस्टरांच्या शिबिरातल्या पट्टीचं ऐका. वर इंग्रजीत छापून येतं ते मशीनचं मत, माणसाचं नाही. मशीन लाटा मोजतं आणि आपल्या आत भरलेल्या नियमांना जुळवून पाहतं. व्ही-१ आणि व्ही-२ या दोन वायरी चौथ्या बरगडीच्या फटीत लावायच्या असतात. शिबिरात घाईघाईत त्या वर, दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लागतात, आणि मशीन ‘जुना अटॅक, किती जुना ते सांगता येत नाही’ असं छापून मोकळं होतं. हे मी फार वेळा पाहिलं आहे. उलटही होतं: वर ‘सायनस ऱ्हिदम’ छापलेलं असतं, लोक त्याला सगळं ठीक समजतात. त्याचा अर्थ ठोके नेहमीच्या जागेवरून निघताहेत एवढाच, अटॅक सुरू असतानाही ते छापून येतं. मिस्टरांनी दुसरी पट्टी नीट झोपून काढून घ्यावी आणि एक इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा. इकोत हृदयाची भिंत व्यवस्थित हलताना दिसली तर शिबिराचा कागद विसरून जायचा. दर महिन्याला पट्ट्या काढत बसायची गरज नाही, आजची नॉर्मल पट्टी उद्याची हमी देत नाही. पैसा आणि काळजी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलवर घालवा. आणि खर्रा बंद. वडिलांना ६३ ला अटॅक आला, मुलगा ४१ चा, खिशात खर्र्याची पन्नी. या तिघांत हातात असलेली गोष्ट एकच आहे.

वर्गणीच्या मशीनबद्दल माझं मत: आत्ता नको. रात्री दोनला ते चालवणार कोण, आणि निघालेली पट्टी वाचणार कोण? पोरांना एवढा उत्साह असेल तर त्यांनी एक दिवस भर दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारून यावं. मशीन चालू आहे का, कागदाचा रोल आहे का, छातीला लावायची जेली आहे का, रात्री पट्टी कोण काढतं, काढल्यावर ती कुणाला पाठवतात, गाठ विरघळवायचं इंजेक्शन साठ्यात आहे का. जे नसेल ते ग्रामसभेत मांडा, लेखी द्या. वर्गणी काढायचीच असेल तर रात्री-अपरात्री पेशंट नेणाऱ्या गाडीच्या डिझेलसाठी काढा. मोबाइल असला की पट्टी पेशंटच्या आधी जिल्ह्याला पोचते. फोटो मात्र पूर्ण कागदाचा, सरळ वरून, सावली न पडता, आणि त्यावर नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या फोटोत अर्धं नाव अंगठ्याखाली गेलं आहे.

मामाजींच्या पट्ट्या जपून ठेवा. अटॅकची खूण त्यांच्या पट्टीत आता कायमची राहू शकते, आणि पुढे कधी दुखलं तर नवं काय आणि जुनं काय हे जुन्या पट्टीशी ताडूनच कळतं. डिस्चार्जच्या दिवशीची पट्टी त्यासाठी सगळ्यांत कामाची. पण हा कागद उष्णतेवर छापतो. उन्हात, टिनाच्या पेटीत, प्लास्टिकच्या फाइलमध्ये तो उडून जातो. लोक प्रेमाने लॅमिनेशन करून आणतात, त्याने तर पट्टी गरम होऊन काळी ठिक्कर पडते. साध्या कागदावर झेरॉक्स काढा, दोन प्रती, आणि फोटो मिस्टरांच्या मोबाइलमध्येही राहू द्या. या आठवड्यातच काढा, कारण तुमच्या पहाटेच्या पट्टीचा उजवा कोपरा, व्ही-५ आणि व्ही-६ चा, फोटोत आत्ताच पुसट दिसतो आहे.